टाकीचा व्हॉल्व्ह

तुम्ही भाडेकरूंच्या कटकटी सांगताय म्हणून सांगतो. आजवर कुणाला बोललो नव्हतो. पुंडलिकनगरातलं आमचं घर मी पहिल्यांदाच भाड्यानं दिलं होतं. भाडेकरू सोनवणे, त्याची बायको आणि म्हातारी आई. दोन महिन्यांचं भाडं थकलं. फोन केला की एकच उत्तर, "देतो ना भाऊ, आठ दिवस थांबा."

ऑफिसातला एक जण म्हणाला, "पाणी बंद कर, पळत येईल." झालं! त्याच संध्याकाळी मी बाहेरच्या जिन्यानं गुपचूप गच्चीवर गेलो, टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि घरी आलो.

सकाळी सातला सोनवणेचा फोन. "भाऊ, नळाला पाणी नाय."

मला आतून बरंच वाटलं. म्हणालो, "आधी भाडं टाका, मग येईल पाणी."

तो म्हणाला, "भाऊ, आई गेली पहाटं. तिला आंघोळ घालायचीय."

गाडी कशी काढली, गच्चीवर कसा चढलो, काही आठवत नाही. सगळे पैसे दवाखान्यात जात होते, हे त्यानं कधी सांगितलंच नव्हतं; मीही विचारलं नव्हतं. व्हॉल्व्ह उघडून खाली आलो, तर सोनवणे दारातच उभा. वाटलं, आता हा कानाखाली देणार. द्यायलाच पाहिजे होती.

तो म्हणाला, "भाऊ, चप्पल काढा, आत या. आईच्या पाया पडून घ्या."