स्क्रूंची साक्ष

(दातांचा दवाखाना. पेशंटच्या खुर्चीत पाळक, दारापाशी त्यांची डॉक्टर मुलगी. दार तिने आतून लावून घेतलं आहे.)

मुलगी : ते दात नाहीत, पप्पा. स्क्रू आहेत.

पाळक : सगळे?

मुलगी : सात. तुम्ही रविवारी भर उपासनेत भिंतीएवढा एक्स-रे लावून म्हणालात, पाहा, मुळं कशी सरळ, एकसारखी. हे काय माकडापासून आपोआप झालं? नाही झालं. मी ड्रिलने बसवलेत.

पाळक : मग माझंच म्हणणं खरं ठरलं. स्क्रू हिरडीत उगवले नाहीत, कुणीतरी डोकं लावलं. सात स्क्रूंना कर्ता लागतो आणि अख्ख्या जबड्याला नको?

मुलगी : मी जबड्यावरून भांडायला बोलावलं नाही तुम्हाला. तो ज्यांचा आहे त्या बाई तिसऱ्या रांगेत होत्या. एक्स-रेच्या कोपऱ्यात त्यांचं नाव होतं, जन्मतारखेसकट. दात बसवलेले आहेत हे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं त्यांनी.

पाळक : पण मी तर दात म्हणालो. सगळी मंडळी आमेन म्हणाली.

मुलगी : नवरा फिटर आहे. त्याला स्क्रू कळतो. काल बाई आल्या, फाइल मागितली आणि गेल्या. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

पाळक : तू माझी दाढ भरताना फोनवर बोलायला बाहेर गेलीस. समोर पडद्यावर तो एक्स-रे होता. इतका सुंदर जबडा मी पाहिला नव्हता. फोटो काढला.

मुलगी : तोंडात कापूस धरून चोरी केलीत. वर सांगितलंत, माझी मुलगी डॉक्टर आहे, तीही हेच मानते. मी काय मानते, कधी विचारलंत?

पाळक : तरुण संघात चार पोरं आहेत, कॉलेजातली. मी म्हणतो, डोळा पाहा, हात पाहा. ती म्हणतात, अक्कलदाढ पाहा, जबड्यात मावतसुद्धा नाही.

मुलगी : हुशार आहेत.

पाळक : तूही होतीस. नववीत हेच विचारलंस. मी म्हणालो, प्रार्थना कर. तू पुन्हा विचारलं नाहीस. मग यायचीच थांबलीस. या चौघांना मला तसं घालवायचं नव्हतं.

मुलगी : म्हणून खोटं बोललात.

पाळक : मला ते खरं वाटलं होतं.

मुलगी : माझ्याबद्दलचं?

पाळक : ते नाही.

मुलगी : येत्या रविवारी तिथंच उभं राहून सांगा. बाईंच्या दातांबद्दल एक अक्षर नको. त्यांना आणि मला, दोघींना न विचारता वापरलं, चुकलो, एवढंच.

पाळक : आणि पोरांनी विचारलं, आता पुरावा काय?

मुलगी : सांगा, माहीत नाही.

पाळक : एकतीस वर्षांत व्यासपीठावरून हे कधी म्हणालो नाही मी.

मुलगी : म्हणून तर मी गेले.

पाळक : निर्माता आहे, यावरचा माझा विश्वास काही त्या एक्स-रेवर उभा नव्हता. तो तसाच राहील.

मुलगी : राहू दे. तो मी मागितलाच नाही.

पाळक : सांगेन मी. तू येशील ऐकायला?

मुलगी : हल्ली किती वाजता असते?