नदीच्या सपनाचा जबाब

मुरारी : म्हणजे कापड्यावरनं शिवथरपर्यंत आलो, नि आत जाऊ नको म्हणता?

जानकीबाई : जा की. ह्यांना भेटा, चा घ्या. फकस्त जबाब देऊ नका.

मुरारी : वहिनी, मी आलोय कशाला मग? गेल्या गणपतीत शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात तुमच्या कुशाबानं भर बारीत सवाल टाकला, नि माझी वाचाच बसली. शाहीर झाल्यापासनं असं कधी झालं नव्हतं. तुमच्या शक्तीवाल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आम्ही तुरेवाले खाली मान घालून घरी गेलो.

जानकीबाई : मी होते की तिथं. आपली सावित्री नदी रातच्याला घटकाभर निजते, तवा तिच्या सपनात काय येतं, असं इचारलं होतं.

मुरारी : आमचा ढोलकीवाला शुभम म्हणतो, काका, नदी झोपतच नाय म्हणा नि मोकळे व्हा. आता त्याला काय सांगू? कधी नदीकाठी निजलाय तो?

जानकीबाई : मग, घावला जबाब?

मुरारी : घावला. परवा चिखलणी करताना. औत तसंच सोडलं नि बांधावर बसून राहिलो. घरची म्हणते, ह्याला झपाटलं.

जानकीबाई : मला सांगा.

मुरारी : तुम्हांला?

जानकीबाई : हळू पण. वाचा गेली तरी कान शाबूत हायेत त्यांचे.

मुरारी : बरं. चालीवर नाय, नुसतं बोलतो.
दिसभर धावून सावित्री निजली,
सपनात पोर होऊन डोंगरी बसली.
आई म्हणे, बाय गो, जाऊ नको खाली,
तवर इकडं तिची सकाळ झाली.

जानकीबाई : (पायरीवर खाली बसते.)

मुरारी : का हो? जमलं नाय?

जानकीबाई : माझं माहेर वर डोंगरात. मी अजून सपनात तिथंच असते. आई भांग पाडत असते माझा. हे कुणाला सांगितलं नव्हतं मी.

मुरारी : मग जाऊ आत?

जानकीबाई : भावजी, लकवा झाला तवा हे भिंतीकडं तोंड करून पडले होते. पेज भरवली तर थुंकायचे. डॉक्टर हात हलवा म्हणून थकला. एक दिवस मी चिडून बोलले, उद्या मुरारी शाहीर जबाब घेऊन येईल नि तुम्ही असे दिसाल. तर घासाला तोंड उघडलं. तवापासनं मी तुमचं नाव काढल्याबिगर घास जात नाय. तुमच्या जबाबावर उलटा सवाल घालायचा हाय ना त्यांना. बोटं हलवत असतात दिसभर.

मुरारी : तर मग ऐकू द्या की. बरं वाटेल त्याला.

जानकीबाई : हे ऐकल्यावर उलटा सवाल कुठनं काढतील ते? ह्याच्या पुढं काय उरलंच नाय. मान हलवतील नि पुन्हा भिंतीकडं वळतील. मला भ्या वाटतं.

मुरारी : नि मी? गावात पोरं मला ‘अडलेला शाहीर’ म्हणतात. असं मला पुन्हा सुचायचं नाय, वहिनी. हे घेऊन मी काय करू?

जानकीबाई : ते मला नाय सांगता येत.

मुरारी : आणि जबाब न ऐकताच गेला तर?

जानकीबाई : तर जाताना तुमची वाट बघत असतील. दुसरं काय राहिलंय त्यांच्याजवळ?

मुरारी : दार उघडा. येतो मी आत.

(माजघर. बाजेवर कुशाबा. मुरारीला पाहून त्याच्या उजव्या हाताची बोटं बाजेच्या कडेवर ताल धरतात.)

मुरारी : ओळखलंस काय रे? बस्स, बस्स, ढोलकी फोडशील.

जानकीबाई : जबाब आणला काय, म्हणून इचारतायत.

मुरारी : कळतंय मला. असा बघू नको रे. सगळं कापडं गाव हसतंय मला तुझ्यापायी.

जानकीबाई : बघा, हसले. अहो, केवढ्या दिसांनी हसले.

मुरारी : हस, हस लेका. कसला सवाल घातलास. वरीसभर बांधावर बसून बसून डोकं फुटायची पाळी आली. नाय सुचत रे, कुशाबा. अजून एक गणपती दे मला.