सतरा-वीसचा नवस

पाचशे अंडी! उकडलेली! अहो, परड्यांत भरून बुद्धमूर्तीसमोर मांडली, उदबत्ती विझेपर्यंत हात जोडून बसलो, इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, पण मूर्ती काही खात नाही हो, उदबत्ती विझली की ती पाचशेच्या पाचशे अंडी आपल्याच घरी परत येतात, आणि मग खायची कुणी? मी! शेजारी वाटली, नूडलवालीला दिली, पोस्टमन तर आता आमच्या फाटकातून लांबूनच पत्र फेकतो आणि मोटरसायकल पळवतो... सकाळी भातावर अंडं, दुपारी रश्श्यात अंडं, रात्री नुसतं अंडं. बरं, नवस बोलताना मला विचारलं का कुणी? नाही!

पण तुम्हाला सांगतो, अंडी परवडली. अंड्यांची तक्रार नाहीच माझी. आमची ही, वान्पेन, अंड्यांवर थांबली असती तर आज मी तुमच्यासमोर असा रडत बसलो नसतो, मुलाबरोबर जपानला गेलो असतो आणि परत येऊन तुम्हाला फोटो दाखवून छळलं असतं.

मुलगा म्हणजे मू. आमच्या भाषेत मू म्हणजे डुक्कर. शाळेच्या दाखल्यावर वरोदोम, पण जन्मला तेव्हा असा गुटगुटीत की आजीने मू म्हटलं आणि तेच चिकटलं. पुढे वाळून काठी झाला ते सोडा. बॅडमिंटन खेळतो. एकेरी. आता तुम्ही म्हणाल, सगळेच खेळतात. नाही हो, तसं नाही! आमच्या फेत्चबुरीतून ताडाचा गूळ आणि मिठाई बाहेर जाते, खेळाडू जात नाहीत. हा गेला. बँकॉकच्या शिबिरात गेला, दोन वर्षांत जगाच्या क्रमवारीत दोनशे बारावा, मग एकशे चाळीस, मग त्रेसष्ट! मी चौतीस वर्षं जमीन कार्यालयात कारकून होतो. चौतीस वर्षांत माझी बढती दोनदा झाली, त्यातली एक चुकून. आणि माझा मुलगा दर मंगळवारी वर! क्रमवारी मंगळवारी लागते ना, सकाळपासून मी फोन हातात धरून... ही म्हणायची, "अहो, अंडं उकडताना बघतात तसे बघत नका बसू, बघून लवकर होत नाही."

तर मार्च महिना, व्हिएतनाममधली स्पर्धा, अंतिम सामना, समोर डेन्मार्कचा पोरगा, एवढा उंच की हात वर न करता जाळ्यावरून डोकावतो. आम्ही फोनवर बघतोय. पहिला गेम मूचा, दुसरा त्याचा. तिसऱ्यात सहा-अकरा. मागे. ही उठली, चपला घातल्या, समोर नदीकाठच्या विहारात जाऊन आली. "काय केलंस?" "पाचशे अंडी बोलले." बरं. दहा-सोळा. पुन्हा चपला. "आता काय?" "मूर्तीपुढे नाचणाऱ्या बायकांचा एक संच." बरं बुवा, नाचू देत. आणि मग सतरा-वीस... एक गुण, फक्त एक गुण त्या उंटाला हवा, मी डोळे मिटले, उघडले तर ही घरात नाही, चपला इथेच, अनवाणी पळालेली!

आणि तुम्हाला सांगतो, अठरा-वीस. एकोणीस-वीस. वीस-वीस! एकवीस-वीस! मी खुर्चीवर उभा, या वयात, या गुडघ्यांनी! बावीस-वीस! जिंकला! मू आडवा पडला कोर्टवर, मी आडवा पडलो खुर्चीवरून, आणि दारात ही उभी, पाय चिखलात, डोळ्यांत पाणी, म्हणते कशी, "दिला हो त्यांनी. सतरा-वीसला मी सांगितलं, याला वाचवा, याच वर्षी पोराला भिक्खू करते. आख्खा वर्षावास. तीन महिने."

तीन महिने! अहो, लोक सात दिवस करतात, पंधरा दिवस करतात, आमच्या साहेबांचा मुलगा तर शुक्रवारी मुंडन करून सोमवारी कामावर हजर होता! मी म्हटलं, "निदान पंधरा दिवस बोलायचं होतंस." तर म्हणते, "सतरा-वीसला पंधरा दिवस चालत नाहीत." आणि वीस-वीस झाले तेव्हा थोडं कमी करून घ्यायचं! "देवळात घासाघीस करू? तुम्ही काय मला बाजारातली समजलात?" झालं. मला विचारलं का? नाही!

आता यातली गंमत ऐका. मू त्रेसष्टवरून एक्केचाळीसवर आला. पहिल्या बत्तीसात गेलं की मोठ्या स्पर्धांचं दार उघडं, पात्रता फेऱ्यांत घाम गाळायला नको, राष्ट्रीय संघातली एकेरीची जागा पक्की. आणि ते गुण मिळवायचे कधी? जुलै ते ऑक्टोबर. जपान, चीन, मग युरोपात दोन. आणि वर्षावास कधी? जुलै ते ऑक्टोबर! अगदी तारखेला तारीख! शिवाय मागच्या वर्षी याच महिन्यांत मिळवलेले गुण वर्ष झालं की गळून पडतात. म्हणजे जो घरी बसला तो आहे तिथे राहत नाही, तो खाली जातो.

मूचे प्रशिक्षक साथित बँकॉकहून गाडी हाकत आले, दारातूनच सुरू, "काका, तीन महिने? तीन महिन्यांत माणूस पाय टाकायला विसरतो! पुढच्या वर्षी करा, लग्नाआधी करा, निवृत्त झाल्यावर करा, मी स्वतः त्याचं मुंडन करतो, पण आत्ता नको हो!" मी म्हटलं, मला काय सांगता, तिला सांगा. सांगायला गेले. ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "साथित, तुझ्या आईने धरला होता का रे तुझ्या चीवराचा पदर?" आईला भिक्खू झालेल्या मुलाच्या चीवराचा पदर धरून स्वर्गात जायचं असतं, हे आमच्याकडे तान्ह्या मुलालाही ठाऊक, आणि साथितची आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि हा कधी भिक्खू झालेला नाही. मोठा माणूस, शिट्टी गळ्यात, ओट्यापाशी उभा राहून ढसाढसा रडला हो! जाताना मलाच म्हणाला, "काका, काकू म्हणतात ते बरोबर आहे." मी ज्याला वकील म्हणून बोलावला तो साक्षीदार झाला तिचा.

मग मी काय केलं? मला जे येतं ते केलं. अर्ज लिहिला. मुदतवाढीचा. विषय, संदर्भ, कारणं, तीन प्रती. गेलो थोरल्या भंतेंकडे. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, असा अर्ज कुणी पूर्ण वाचलेला मी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. म्हणाले, "अर्ज कुणाच्या नावे?" म्हटलं, "मूर्तीच्या." तर म्हणतात, "मूर्ती दोनशे वर्षं बसून आहे. तिला कसली घाई? घाई तुमच्या बायकोला आहे. मूर्तीशी मी बोललो असतो हो, पण वान्पेनबाईंशी..." आणि तीनही प्रती मला परत दिल्या, नीट घडी घालून.

आणि खुद्द मू? तो काय म्हणाला? काही नाही! "आई म्हणते तर करतो." बस. डेन्मार्कच्या उंटासमोर वाघ आणि आईसमोर... अहो, मला वाटलं, बिचारा, मन मारतोय.

मुंडन झालं. भुवयासुद्धा काढल्या. त्याच्या शर्टावर ज्या रॅकेटच्या दुकानाचं नाव, त्या दुकानदाराने मिरवणुकीत फलक लावला, 'जगात एक्केचाळिसावा', आणि खाली पोरगा लोकांच्या खांद्यावर बसलेला, पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर छत्री, पुढे ढोल, तीन प्रदक्षिणा, सगळं गाव नाचतंय. साथित सगळ्यांत जास्त नाचले. आणि हिने पदर धरला. काय सांगू, तिचा चेहरा... जाऊ द्या.

पण मंगळवार थांबतात का? बेचाळीस. एकोणपन्नास. अठ्ठावन्न. आणि इकडे भिक्षा! दुपारनंतर जेवण नाही, मला वाटलं वजन तरी आटोक्यात राहील. पण हे फेत्चबुरी आहे हो! भिक्षापात्रात भात मूठभर आणि वर मिठाई, नारळाची, अंड्याची, ताडगुळाची, "आपला मू आहे, खेळाडू आहे, दोन जास्त वाढा!" तीन महिन्यांत नऊ किलो! आणि क्रमवारीत सत्याहत्तर. एकशे बारा. संघातली जागा सोंगख्लाच्या एका पोराला मिळाली, जपानमध्ये पहिल्या फेरीत हरला, पण खेळला तर खरा.

ऑक्टोबरची पौर्णिमा आली, वर्षावास संपला. मी नवे बूट घेऊन गेलो, साडेनऊ नंबरचे, आधीच्यांपेक्षा जरा रुंद. आता स्वतःच्या पोरासमोर जमिनीवर बसायचं, तीनदा डोकं टेकायचं, ज्याचं नाक मी पुसलं त्याला 'भंते' म्हणायचं. म्हटलं, "भंते, चला, साथित गाडी घेऊन उभे आहेत." तर मला 'बाबा' म्हणाला नाही, 'उपासक' म्हणाला!

"उपासक, मी राहतो इथे अजून."

"अजून म्हणजे? किती? पंधरा दिवस?"

"मोजलं नाही."

"अरे मू... भंते... तू एकशे बारावा आहेस!"

तेव्हा तो हळूच म्हणाला. चिडून नाही हो, चिडला असता तर मी भांडलो असतो. म्हणाला, "ते सतरा-वीसवरचे पाच गुण मी काढले होते. गुडघा सुजला होता, डाव्या डोळ्यात घाम गेला होता, काही दिसत नव्हतं. घरी आलो तर आई म्हणाली, मूर्तीने जिंकवलं. तुम्ही सगळ्या गल्लीला सांगितलंत, प्रशिक्षकाने जिंकवलं. प्रशिक्षक म्हणाले, शिबिराने. दुकानदार म्हणाला, रॅकेटने. मला कुणी विचारलं नाही." मग खराटा उचलला. "इथे पहाटे अंगण झाडतो. पान पडतं, झाडतो, परत पडतं. कुणी गुण मोजत नाही. आणि जेवढं झाडलं तेवढं मी झाडलेलं असतं."

अहो, गल्लीला मीच सांगितलं होतं. नूडलवालीच्या गाडीपाशी उभं राहून, "साथित म्हणजे काय प्रशिक्षक आहे!" आपल्या पोराचं आपणच कसं कौतुक करायचं म्हणून साथितचं केलं, आमच्याकडे तीच रीत... नवे बूट तसेच पिशवीत घालून घरी आणले.

हिला सांगितलं. रात्रभर रडली. स्वर्ग मिळाला, मुलगा गेला. म्हटलं, आता तरी शहाणी होईल. सकाळी उठलो तर चपला नाहीत! धावलो विहारात, ही तिथे उदबत्त्या लावून बसलेली. "काय बोललीस? खरं सांग, काय बोललीस?" तर म्हणते, "मू बाहेर येऊ दे, परत खेळू दे, पहिल्या पन्नासात येऊ दे, तुम्हाला भिक्खू करते."

मला! "अगं, पण मला विचारलंस का?" "तुम्हाला आता काय काम आहे?"

मी मनात हिशेब केला. मू बाहेर येत नाही, आला तरी खेळत नाही, खेळला तरी नऊ किलो घेऊन पन्नासात येत नाही. म्हणजे मी सुरक्षित. दुःखी, पण सुरक्षित. दोन महिने वाट पाहिली हिने. मंगळवारी एकशे त्रेसष्ट लागला, तशी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "माझंच चुकलं. मी आधी मागते आणि मग देते, म्हणून देव चालढकल करतात. तुमच्या कार्यालयात आधी फी भरल्याशिवाय अर्ज घेत होतात का?"

"नाही," म्हटलं. चौतीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं!

"मग नवस आधी फेडायचा."

गेलो भंतेंकडे. म्हटलं, काहीतरी नियम सांगा, वय, गुडघे, रक्तदाब, काहीतरी! तर ते खुशीत, "या, या, अंगण मोठं आहे, एक खराटा कमीच पडतो." मूकडे गेलो, डोकं टेकलं, म्हटलं, "भंते, तुम्ही बाहेर या हो, नाहीतर मी आत येतोय!" हसला. वर्षभरात पहिल्यांदा हसला. पण बाहेर येतो म्हणाला नाही.

तर परवा पौर्णिमेला माझं मुंडन आहे. भिक्षेच्या रांगेत आधी दीक्षा घेतलेला पुढे, मागून आलेला मागे, तिथे बाप-मुलगा काही नाही. मू नववा, मी दहावा. साथितना फोन करून सांगितलं, म्हटलं शेवटी पहिल्या दहात आलो हो दोघेही. ते बिचारे आनंदाने ओरडले. मग मी सांगितलं, विहारात भिक्खू आहेतच दहा.