वस्तादांचा पैलवान आणि माझी काडी

हसू नका, पण मी एकदा खऱ्या पैलवानाला हरवलंय. पोराचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता, मारामारीचा. शेजारचे मारुती वस्ताद त्यात नेहमी अगडबंब गडी निवडायचे. मी चपळ, काटकुळा.

“काडी घेऊन लढतोस व्हय रं? हरलास तर उद्या पहाटे तालमीत यायचं!”

या वयात जोर-बैठका म्हणजे मरणच. पहिल्याच झटक्यात त्यांनी माझ्या गड्याला पाठीवर आपटलं.

“चीत! सपली कुस्ती,” म्हणत वस्तादांनी रिमोट खाली ठेवला आणि मिशीला पीळ दिला.

पण गेममध्ये पाठ टेकली म्हणून कुणी हरत नाही, ताकद संपावी लागते; माझा गडी उठला. त्यांच्या गड्याची ताकद संपेपर्यंत मी लाथा घातल्या.

“चीत झालेला उठतोय कसा, लबाडा?”

तालीम टळली. आयुष्यात मी एकच कुस्ती जिंकली, तीही चीत झाल्यावर.