लुडबुड्या मोठा झाल्यावर

...झोप? झोपेचं नावच काढू नका! डोळ्याला डोळा नाही, आणि कारण विचाराल तर हसाल. लुडबुड्या! अहो, टीव्हीवरच्या त्या जुन्या विनोदी मालिकेतला धाकटा पोरगा. मी लहान होते तेव्हा तो सात वर्षांचा होता, आता माझी लेक सहाची झाली तरी हा आपला सातचाच! घरात काहीही ठरवायचं असलं की स्टुलावर चढतो आणि ओरडतो, "हात वर!" कुत्र्याचं नाव काय, दिवा कुणी विझवायचा, सगळ्यावर मतदान. आणि मतदानाच्या आधी हळूच आजोबांच्या खिशात बिस्किट! दर भागात निवडून येतो मेला. लहानपणी आम्ही हसून लोळायचो. पण आई झाल्यावर माणसाचं हसूसुद्धा अर्ध्यावर अडतं हो... तुम्हाला सांगते, एकदम मनात आलं, ह्या पोराचं पुढे व्हायचं काय?

विसाव्या वर्षी तो रस्त्यावर, ह्यात मला शंका नाही. केस मानेवर, गळ्यात फाटकी पिशवी, "सगळी बिस्किटं सगळ्यांची!" तिशीत घराचे हप्ते सुरू झाले की, "सगळ्यांची म्हणजे... ज्यांनी कष्ट केले त्यांची." चाळिशीत इमारतीचा अध्यक्ष, गच्चीची किल्ली ह्याच्या कमरेला! आणि साठीत गॅलरीत बसून, "आमच्या वेळी बिस्किटाला चव होती, आणि घरात पोरासोरांची मतं कुणी विचारत नव्हतं!" अरे मेल्या, विचारायला तूच लावलंस ना?

हे मी नवऱ्याला बोलले. तो उसळलाच! "छे छे, लुडबुड्या टोकाला जायचा नाही. मधला माणूस तो. दोन्हीकडची बिस्किटं खाईल." तोवर सासूबाई आतून, "काही नाही, जन्मभर विरोधात बसेल. सत्तेत गेलं की काम करावं लागतं!" झालं! तीन शिकलीसवरलेली माणसं, कधी न जन्मलेल्या पोराच्या राजकारणावरून हमरीतुमरीवर! गॅसवर भाजी करपली, तर सासूबाई म्हणतात, "हेही त्याच्याच राज्यात!"

तुम्ही म्हणाल, बाई, तुला काय पडलंय? अहो, पडलंय म्हणजे काय! माझी लेक, आमची खारूताई, त्याचा भाग चुकवत नाही. तीही स्टुलावर चढते. "हात वर!" आंघोळीवर मतदान, झोपेवर मतदान. आजीचा चष्मा आधी स्वतः लपवायचा, मग स्वतःच शोधून द्यायचा, की आजीचा हात वर! आणि मालिकेतली आई हात मोजते, म्हणून आमच्याकडे मोजायचं काम माझं. मोजायचंही मीच आणि हरायचंही मीच! आता सांगा, ह्या पोरीचं पुढे व्हायचं काय?

त्यात काल नेमका चष्म्याच्या दुकानातून फोन. लेक झाली तेव्हा सोडलेलं माझं काम, लोकांचे डोळे तपासायचं. मालक म्हणाले, "बाई, सोमवारपासून येता का? उद्यापर्यंत सांगा, नाहीतर दुसरं कुणी बघतो." जायचं होतं हो मला! इतकं जायचं होतं, की स्वयंपाकघरात एक डोळा झाकून डब्यांवरची अक्षरं वाचत उभी होते! पण पोर शाळेतून आली की दार कोण उघडणार, तिला ताप आला तर, ती मला विसरलीच तर... घरात बोलायला जीभ रेटेना. म्हणून तर लुडबुड्याचं ठरवत बसले होते. स्वतःचं ठरवण्यापेक्षा त्याचं किती सोपं!

आज सकाळी चहाला निसटलंच तोंडातून. खारूताई तडक स्टुलावर! "आईने कामावर जायचं का? हात वर!"

सासूबाईंचा हात ताडकन वर. "जा गं बाई! घरात राहिलीस तर उद्या त्या लुडबुड्याला मुली बघायला लागशील." नवऱ्याचं कोपर टेबलावर, नुसती बोटं हवेत. "म्हणजे... तत्त्वतः माझा पाठिंबा आहे. पण दुपारचं काय?" बघा! मधला माणूस! आणि लेक? तिचे दोन्ही हात पाठीमागे.

सवयीप्रमाणे मी मोजले. एक, आणि एक अर्धा. म्हटलं, पडलो आपण. तोंड दिसू नये म्हणून कपबश्या गोळा करायला लागले...

तेवढ्यात स्टुलावरून, "आई, तू नुसती मोजतेसच. तुझा हात कुठाय?"

अहो, अख्ख्या जगाला मी तक्त्यावरची खालची ओळ वाचायला लावणारी बाई, आणि माझे हात कपबश्यांत!

"खाली ठेव त्या. आज मी मोजते. तू हात वर कर."

कपबश्या ठेवल्या आणि केला! तो बघून नवऱ्याची बोटंही शरमून सरळ झाली. माझ्या डोळ्यांत पाणी... म्हटलं, उगाच जीव टांगणीला लावला मी, पोर सोन्यासारखी आहे, न्यायाची आहे, हिचं पुढे चांगलंच व्हायचंय! तिने बोट रोखून मोजायला घेतलं, एक... दोन... आणि थांबली. स्टुलावरून वाकली, माझ्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली,

"आई, मोजणाऱ्याला काय मिळणार?"