एकाच माणसाच्या चार सह्या

मुलगी : बाबा, ब्रश खाली ठेवा आधी. आणि शिडीवरून उतरा.

बाबा : दातांच्या डॉक्टरांची पाटी आहे. 'दंत'मधला एक दात अर्धवट सोडून उतरलो तर बरं दिसणार नाही.

मुलगी : तिकडच्या विद्यापीठाच्या आर्थिक मदत विभागाचा मेल आलाय. आपली फाइल थांबवलीये त्यांनी.

बाबा : थांबवली म्हणजे? नाही म्हणाले?

मुलगी : 'नाही' नाही म्हणाले. विचारतायत, पालक म्हणून सह्या करणारी ही चार माणसं कोण.

बाबा : चार कुठली? मी एकटाच की.

मुलगी : तेच तर. हे बघा, मोबाइलवर चारही शेजारी शेजारी ठेवल्यात. उत्पन्नाच्या कागदावर ताठ, उभी अक्षरं. दुकानाच्या जमाखर्चावर जाडजूड. आणि आपण वर्षाला किती देऊ शकतो, त्या कागदावर सहीखाली हा वेल कसला?

बाबा : वेल नाही तो, फराटा. तो कागद फार रुक्ष होता गं. रकान्यात आपला आकडा एवढासा. म्हटलं, खाली जरा शोभेचं असू दे.

मुलगी : तुमची एक सही दुसरीला ओळखसुद्धा दाखवत नाही, बाबा.

बाबा : जन्मभर हेच तर केलं. आइस्क्रीमवाल्याला गोल अक्षर, वकिलाला उभं. जसा धंदा, तशी अक्षरं. हाताला तीच खोड लागली.

मुलगी : सही म्हणजे पाटी नव्हे.

बाबा : बरं, चुकलं. मग आता?

मुलगी : चारही कागद नव्याने, एकसारख्या सहीने, उद्या सकाळपर्यंत. नाहीतर फाइल बंद. फी आणि राहण्याजेवण्याचा खर्च त्यांनी उचलला तरच मी जाऊ शकते ना. नाहीतर मिळालेला प्रवेश फ्रेम करून इथे टांगायचा, रंगाच्या डब्यांवर.

बाबा : यंदा कसंबसं भरू, पुढच्या वर्षी मदत मागू, असं नाही चालत?

मुलगी : परदेशी मुलांना नाही. मागायची ती प्रवेशाबरोबरच. नंतर दार वाजवून उपयोग नाही.

बाबा : आण मग कागद. हात पुसतो.

मुलगी : थेट त्यावर नको. छापून आणलेत, वाया जातील. हा घ्या कोरा कागद, आधी सराव करा.

बाबा : कोऱ्या कागदावर सही मी करत नाही.

मुलगी : बाबा, सराव आहे हा.

बाबा : सराव असो की काही असो. तुझे आजोबा शेजाऱ्याच्या भिडेखातर एकदा करून बसले, आणि त्याच्या दुकानाची भिंत सरकून आपल्या दुकानात आली. म्हणून तर इथे शिडी आडवी मावत नाही. जाताना मला एकच सांगून गेले, उपाशी राहा, पण कोऱ्या कागदावर सही करू नकोस.

मुलगी : मग वर्तमानपत्रावर करा. त्यावर तर काही कोरं नसतं.

आई : काय गोंधळ चाललाय? नाक्यापर्यंत ऐकू येतंय. आणि आज दुकानात वर्तमानपत्र वाचायचं सोडून त्यावर लिहितायत होय?

मुलगी : बरं झालं आलीस, आई. ड्युटी संपली? अगं, बाबांच्या सह्या जुळत नाहीत म्हणून मदत अडकलीये.

आई : ह्यांच्या? लग्नाच्या नोंदणीत ह्यांनी सही केली, तेव्हा तिथल्या साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, नवरदेव हेच ना?

बाबा : आणि ही म्हणाली, सध्या तरी.

आई : मी वॉर्डात दिवसभर सह्याच करते. औषध दिलं, सही. ताप बघितला, सही. सगळ्या जुळ्या बहिणी. दाखव तो मोबाइल. आणि ही मुंगी कुठली?

मुलगी : ती संमतीपत्रावरची. मुलीला शिकायला परदेशी पाठवायला आमची हरकत नाही, तो कागद.

आई : बाकी तिन्ही ठळक आणि हीच एवढी बारीक?

बाबा : जागा नव्हती.

मुलगी : अर्धं पान मोकळं आहे, बाबा.

आई : बोला की. मघाशी तर तोंडाचा पट्टा चालू होता.

बाबा : काय बोलू. हात आखडला तिथे. हिने जावं असं मला मनापासून वाटतं. कुणी अडवलं तर मी भांडेन त्याच्याशी. पण 'हरकत नाही' असं छापलेलं वाचलं आणि वाटलं, नाही कशी? थोडीशी आहे. म्हणून सहीही थोडीशीच झाली.

मुलगी : मलाही आहे थोडीशी.

बाबा : तुला कशाची?

मुलगी : शिडी कोण धरणार तुमची?

आई : मी धरीन. आता दोघांनी डोळे पुसा, मला भूक लागलीये. चला, सह्या.

मुलगी : ही बघ, ही पुन्हा वेगळी. हीसुद्धा.

बाबा : शेवटचं अक्षर जरा पडलं होतं, म्हणून उचललं.

आई : उचलू नका. अगं, ह्यांना कागदाकडे बघूच देऊ नकोस. सुईकडे बघत बसला की पेशंट दंड ताठ करतो. मी त्याला घरचं काहीतरी विचारते, आणि तो सांगतोय तोवर माझं काम उरकतं. ह्यांना बोलतं ठेव. छापलेले कागद मी सरकवते.

मुलगी : बाबा, इकडे बघा. तिथे उतरल्यावर पहिल्यांदा काय करू?

बाबा : पोचल्याचं कळव. आधी कळव, मग बॅग उघड.

आई : हात चालू ठेवा.

मुलगी : मग?

बाबा : थंडी असेल तिकडे. पैसे वाचवायचे म्हणून कुडकुडत बसू नकोस. आणि रस्त्याने जाताना पाट्या बघत जा. कुणी हाताने रंगवत असेल तर दोन मिनिटं उभी राहा. मागे कुणी थांबलं की बरं वाटतं माणसाला.

आई : हा तिसरा.

बाबा : कळतंय मला. आणि एकटं वाटलं की फोन कर. इकडे किती वाजले असतील, असला हिशेब करत बसू नकोस.

मुलगी : आता हा शेवटचा.

बाबा : हा कुठला तेही कळतंय. सुट्टीत ये. नाही जमलं तर नाही. तिथे आनंदात राहा म्हणजे झालं. मला त्यातच आनंद आहे. झाली?

आई : झाली. बघा आता खाली.

मुलगी : चारही सारख्या. संमतीवरचीसुद्धा. मोठी आलीये.

बाबा : अगदीच साधी आहे. ना उठाव, ना फराटा. ही माझी?

आई : घरी किराण्याची यादी लिहिता ना, ते अक्षर आहे हे. तुमचंच.

मुलगी : फोटो काढले. पाठवले. थांबा. हं, उत्तर आलं. सह्या जुळल्या म्हणतायत, फाइल पुढे जातेय.

आई : चला तर मग, जेवू या.

बाबा : तू हो पुढे. मघाचा तो कोरा कागद कुठे गेला?

मुलगी : हा काय. कशाला?

बाबा : दे इकडे. हं, ही पाचवी. तिकडे कुठे काही अडलं, बापाची सही लागली, तर वर काय लिहायचं ते तूच लिही.

मुलगी : बाबा, कोऱ्या कागदावर?

बाबा : लगेच घडी घालू नकोस. शाई ओली आहे अजून.