पहिल्या अकरांत

(जिन्याच्या वरच्या पायरीवर. मागे खोलीचं दार नुसतं लोटलेलं.)

बारक्या : मी आत जाणार नाही. आधी सांग, आई कधी गेली?

ताई : हळू बोल. खाली माणसं उभी आहेत.

बारक्या : कधी गेली, ताई?

ताई : सकाळी. उजाडता उजाडता.

बारक्या : आणि मॅच दुपारी. म्हणजे मी गोल मारला, मैदानाच्या कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन वेड्यासारखा नाचलो, तेव्हा आई इथे चादरीखाली होती. आणि तुला ते माहीत होतं.

ताई : तुझ्या कोचनाही माहीत होतं. मीच फोन केला त्यांना.

बारक्या : काय म्हणाले?

ताई : म्हणाले, "मुख्य स्ट्रायकर मांडी दुखावून बसलाय, म्हणून याला आज पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरवतोय. पण आई ती आई. तुम्ही सांगाल तसं. म्हणत असाल तर आत्ता गाडीत बसवतो."

बारक्या : गाडी देत होते?

ताई : देत होते. मीच म्हटलं, मॅच होऊ द्या, मग सांगा.

बारक्या : मी त्यांच्या अंगावर धावून गेलो, ताई. ड्रेसिंग रूममध्ये, सगळ्यांदेखत. मला वाटलं त्यांनीच दडवलं. आमच्या गोलकीपरने कमरेला मिठी घालून आवरलं मला. कोच नुसते उभे होते. तुझं नावसुद्धा निघालं नाही त्यांच्या तोंडून.

ताई : भला माणूस आहे.

बारक्या : आणि तू?

ताई : मी काय? अख्खा मोसम तू बाकड्यावर बसून काढलास. शेवटी शेवटी उतरवायचे, तुझ्या पायाला चेंडू लागेपर्यंत शिट्टी. मोसम संपला की नारळ देणार, हे तूच सांगत होतास ना?

बारक्या : दिला असता नारळ! काय झालं असतं?

ताई : माझ्याशेजारी बसून शर्टाची काजं केली असतीस?

बारक्या : केली असती.

ताई : बोलायला काय जातं. एवढासा होतास, अकादमीवाल्यांनी उचललं तुला. तेव्हापासून या घरात दूध येतं ते तू सुट्टीवर आलास की. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात वाफ खात राहिली, छातीची चाळण झाली, तरी पाळी बदलून घेतली नाही. माझं ठरत आलेलं लग्न तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनपायी पुढे ढकललं. अजून पुढेच आहे ते.

बारक्या : मी म्हटलं होतं का, ढकल म्हणून?

ताई : नाही रे. तू कशाला म्हणशील? तू खेळत होतास.

काका (शेजारच्या दारातून) : आलास का बाळा? ये. शेजारी असून आम्हाला काही करता आलं नाही बघ. वाईट झालं. गोल पाहिला हो मी. टीव्ही मुका करून पाहिला, मेलेल्या माणसाची लाज बाळगून. डोक्याने काय घातलास!

ताई : काका, राहू द्या आत्ता.

काका : तू पण होतीस की गं आमच्या दारात उभी. गोल झाला तशी मटकन खाली बसलीस, ओढणीचा बोळा तोंडात. हसत होतीस की रडत होतीस, तुझं तुला ठाऊक. बरं, गाडीवाला घाई करतोय. जिना अरुंद, चौघं तरी लागतील. मी बघतो कोण येतंय.

बारक्या : तू बघत होतीस? आईला एकटं टाकून?

ताई : भिंतीपलीकडे तर होते.

बारक्या : काल संध्याकाळी मी फोन केला. पहिल्या अकरांत नाव लागलंय, आईला दे, म्हटलं. तू म्हणालीस, झोपलीये.

ताई : झोपली नव्हती. फोन तिच्या उशाशीच होता. तिला ऐकू येत होतं सगळं, फोनवर बोलण्याएवढं त्राण नव्हतं.

बारक्या : मी काय बोललो तेव्हा?

ताई : जाऊ दे ना.

बारक्या : सांग.

ताई : म्हणालास, "झोपू दे महाराणीला. उद्या फक्त टीव्हीसमोर डोळे उघडे ठेव म्हणावं, मग झोप हवी तेवढी."

बारक्या : ऐकलं तिने?

ताई : हसली. ओठ हलले तेवढेच. आणि तू फोन ठेवल्यावर म्हणाली, बोलाव त्याला.

बारक्या : काय?

ताई : "बोलाव त्याला." डॉक्टरही म्हणाले, कुणी यायचं असेल तर बोलावून घ्या. मी आईला सांगितलं, निघालाय. वाटेत आहे.

बारक्या : मी रात्रीत पोचलो असतो.

ताई : हो.

बारक्या : ताई, मी पोचलो असतो!

ताई : माहीत आहे मला! वाटलं, एवढा एक दिवस काढेल. आजवर काढलेच की तिने. मॅच होईल, तू येशील, दोन्ही साधेल. सकाळी गेली, मग म्हटलं, आता राहिलंय काय? एक ती मॅच. ती तरी कशाला घालवा? या घरात कुणाचं तरी काहीतरी होऊ दे, बारक्या. कुणाचं तरी.

बारक्या : वाट बघत होती?

ताई : दाराकडे तोंड करून दे म्हणाली. दिलं.

बारक्या : यापुढे गोल मारला की मला ते दार दिसेल.

ताई : दिसू दे. पण मार.

बारक्या : तू माणूस आहेस की कोण?

ताई : ठाऊक नाही. मला रात्रभर तिच्याशी खोटं बोलावं लागलं, तुला नाही.

काका : चला रे पोरांनो, माणसं जमली. शेवटचं बघून घ्या आईला, मग उचलू.

ताई : जा तू. मी इथेच थांबते. तुला मी नको असेन आत.

बारक्या : नकोच आहेस.

ताई : जा मग.

बारक्या : ताई.

ताई : काय?

बारक्या : माफ केलेलं नाही मी तुला. पण मला एकट्याला आत जाता येत नाहीये.